टोकाच्या अलीकडे

सैल सांध्यांच्या मुलांच्या वाट्याला आधी कौतुकच येतं. अंगठा वाकवून हाताच्या आतल्या बाजूला टेकवला, की पाहुणे थक्क होतात. योगासनांच्या प्रात्यक्षिकात पहिली रांग ठरलेली. माझंही तसंच झालं. दुखणं कॉलेजात सुरू झालं. एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आणि रात्री गुडघे ठणकताहेत, हे कुणाला पटवून द्यायचं?

कारण कळलं तेव्हा निम्मं ओझं उतरलं. सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे असतात. ते जन्मतःच जास्त ताणले जाणारे असले, की सांधा आवरण्याचं काम स्नायूंवर पडतं. ते दिवसभर राबतात, म्हणून नुसतं उभं राहूनही थकायला होतं. हा सैलपणा डॉक्टर बायटन गुणांकनाने मोजतात. दोन्ही करंगळ्या, अंगठे, कोपरं आणि गुडघे यांचे ८ गुण. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर आणखी १. गुण भरपूर असूनही अनेकांना काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांना मात्र जपून राहायला शिकावं लागतं.

मला फिजिओथेरपिस्टने शिकवलं ते टोकाच्या अलीकडे थांबायला. पोळ्या लाटताना माझे गुडघे मागे कमान टाकत आणि सगळा भार अस्थिबंधांवर येई. आता गुडघे किंचित सोडून उभी राहते. मांडीचे स्नायू कामाला लागलेले जाणवतात. सांधा नेमका कुठे आहे याची जाण अशा शरीराला बऱ्याचदा कमी असते, म्हणून सुरुवातीचे व्यायाम आरशात बघून केले. भरलेला कुकर दोन्ही हातांनी उचलते, पेन जाड वापरते. बरं वाटलं म्हणून एका दिवसात घर आवरायला काढत नाही. उद्यासाठी थोडी ताकद शिल्लक ठेवते. अंथरुणाला खिळून राहिलं तर स्नायू आणखी दुबळे होतात, म्हणून दुखऱ्या दिवशीही थोडं चालते.

शरीर जिथवर जाऊ शकतं तिथवर त्याला न्यायलाच हवं असं नाही, हे मला फार उशिरा उमगलं. मुलांना ते वेळेवर कळावं असं मनापासून वाटतं. लवचीक मुलाला ‘आणखी वाक’ म्हणण्याआधी शिक्षकांनी आणि आईवडिलांनी त्याला एवढंच विचारावं: इथे तुला स्थिर राहता येतंय का, आणि कुठे दुखतंय का? दुखतंय म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.