सांडपाण्याची ऊब

हेलसिंकीत जानेवारीत पारा उणे पंधराच्या खाली गेला तरी घरात मी सुती कुडत्यावर वावरते. घरात कुठेही काही जळत नाही. खिडकीखालच्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरतं, एवढंच. या शहरातल्या सुमारे नव्वद टक्के इमारतींची ऊब अशीच रस्त्याखालच्या एका सामायिक पाइपजाळ्यातून येते. आमच्या सोसायटीच्या तळघरात त्याची एक खोली आहे. देखरेखीच्या माणसाबरोबर मी एकदा तिथे गेले होते. जाड वेष्टणातले पाइप, पातळ पत्र्यांच्या दाबून बसवलेल्या दोन चळती आणि काट्यांचे थर्मामीटर. एका चळतीत शहराचं गरम पाणी आपली उष्णता रेडिएटरच्या पाण्याला देतं, दुसऱ्या चळतीत नळाच्या पाण्याला. पाणी पाण्यात मिसळत नाही, उष्णता तेवढी इकडून तिकडे जाते. मग शहराचं पाणी कोमट होऊन पुन्हा तापायला परत निघतं. खोलीत ना धूर होता ना राख. पंपांची घरघर तेवढी होती.

ते पाणी तापवायला मात्र कित्येक दशकं कोळसा जळत होता. शहराच्या मध्यापासून चालत जाता येईल अशा हानासारीच्या वीजकेंद्राशेजारी कोळशाचा काळा ढीग समुद्राच्या काठावर उघडा पडलेला असे. हे केंद्र 1 एप्रिल 2023 ला बंद झालं. बरोबर दोन वर्षांनी, 1 एप्रिल 2025 ला, साल्मिसारीचंही बंद झालं, आणि शहराच्या मालकीच्या 'हेलेन' या ऊर्जा कंपनीचा कोळसा संपला. फिनलंडच्या कायद्याने दिलेली मुदत 2029 ची होती.

कोळशाची जागा कशाकशाने घेतली, त्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते कात्री वाला या फिनिश कवयित्रीच्या नावाच्या उद्यानाखालचं केंद्र. वर मुलं खेळतात, माणसं कुत्री फिरवतात. खाली खडकात कोरलेल्या दालनांत 2006 पासून प्रचंड हीट पंप चालू आहेत. शहराचं सांडपाणी विकिनमाकीला स्वच्छ होऊन बोगद्यातून समुद्राकडे जातं, ते या केंद्राला भेटतं. भर हिवाळ्यातही ते साधारण दहा अंशांच्या आसपास असतं, कारण ते लाखो लोकांच्या अंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी आहे. फ्रीज जसा आतल्या भाजीची उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसेच हे पंप त्या पाण्यातली उष्णता काढून पाइपजाळ्यात घालतात. विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. सकाळी मोरीतून गेलेल्या माझ्याच अंघोळीच्या पाण्याची ऊब अशी पुन्हा खोलीत येते, याचं मला अजूनही अप्रूप आहे. उन्हाळ्यात हीच यंत्रं कार्यालयांना पाइपलाइनमधून थंडावा देतात आणि तिथून ओढलेली उष्णता घराघरांतल्या नळांच्या गरम पाण्याला पुरवतात. मुंबईसारख्या शहराने इथून काही उचलायचं असेल तर ही थंड पाइपलाइन उचलावी.

मुस्तिक्कामाच्या बेटाखाली पूर्वी खनिज तेल साठवायच्या गुहा होत्या. आता तिथे सुमारे 2 लाख 60 हजार घनमीटर गरम पाणी साठवतात. वारा जोरात असून वीज स्वस्त झाली की विजेचे बॉयलर चालतात, आणि महाग वेळेला ही साठवण कामी येते.

सगळंच मला पटतं असं नाही. कोळशाच्या बदल्यात लाकडाचे तुकडे आणि गोळ्याही जळतात, आणि हिशेबाच्या कागदावर ते निर्दोष धरलं जातं. पण जाळलेलं झाड पुन्हा तेवढं वाढायला काही दशकं लागतात, आणि हवेतल्या कार्बनचा परिणाम तोवर थांबून राहत नाही. लाकूड हा मधला टप्पा असावा, मुक्काम नसावा, असं मी इथल्या मित्रांनाही सांगते.

म्हणूनच शहराच्या ईशान्येला असलेलं पोर्नाइनेन हे छोटं गाव मला महत्त्वाचं वाटतं. 2025 मध्ये तिथे 13 मीटर उंचीची एक टाकी सुरू झाली. तिच्यात सुमारे 2,000 टन शंखजिऱ्याच्या दगडाचा चुरा आहे. दगडी शेगड्या बनवणाऱ्या कारखान्यात उरलेला. स्वस्त विजेने हवा तापवून ती त्या चुऱ्यातून फिरवतात आणि 100 मेगावॅट-तास उष्णता धरून ठेवतात. गावाचं तेल जाळणं त्यामुळे सुटलं. वाळू किंवा दगड पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, काहीशे अंशांपर्यंत तापवता येतो. म्हणजे त्यातून कारखान्याला लागणारी वाफही काढता येते.

इथे मला इचलकरंजी आठवते. माझ्या मामांचं सायझिंग आहे. सुताला खळ लावून ते वाफेवर तापलेल्या सिलिंडरवरून वाळवायचं, आणि त्या वाफेसाठी बॉयलरमध्ये लाकूड नाहीतर उसाचं बगॅस घालत राहायचं. बॉयलरसमोर उभ्या राहणाऱ्या फायरमनच्या तोंडावरची धग मी लहानपणी पाहिली आहे. गावात अशी सायझिंग पुष्कळ आहेत, रंगाई करणारी प्रोसेस हाउस आहेत, आणि जो तो आपापला बॉयलर पेटवतो. रंगाईचं पाणी बाहेर पडतं ते चांगलं कढत. कात्री वालाच्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम. ते गार व्हायची वाट बघून आपण त्याच्यावर प्रक्रिया करतो.

हे सगळं मामांना सांगितलं, तेव्हा ते फोनवर म्हणाले, "अगं, एकट्या माणसाला हे परवडायचं नाही." त्यांचं म्हणणं खरं आहे, हेलसिंकीतल्या एकेकट्या सोसायटीलाही हे परवडलं नसतं. इथे पाइप शहराने घातले, खडक शहराने फोडला, आणि तो खर्च सगळ्यांत वाटला गेला. एमआयडीसी कारखान्यांना पाणी पुरवते, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभी राहतात. तशीच वाफेची सामायिक लाइन का नसावी? दुपारची सौरवीज दगडाच्या टाकीत साठवून रात्रपाळीला वाफ द्यायची आणि रंगाईच्या कढत पाण्याने बॉयलरचं पाणी आधीच तापवून घ्यायचं. मामांना मी पोर्नाइनेनच्या टाकीची माहिती पाठवली आहे. येत्या बैठकीत ती सायझिंगवाल्यांसमोर ठेवतो, असं ते म्हणालेत.