वेग कुठे हरवतो?

‘स्लो’ हा शब्द आता आपण मराठीच करून टाकला आहे. बँकेत गेलो तर सिस्टीम स्लो, घरी मुलाचा अभ्यास स्लो कारण लॅपटॉप स्लो, शाळेच्या कार्यालयात निकालाच्या दिवसांत सगळेच स्लो. मात्र वैद्यांकडे जाऊन नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हटले तर ते औषध देत नाहीत. कुठे दुखते, केव्हा दुखते, जेवणाआधी की नंतर, असे दहा प्रश्न विचारतात. संगणकाच्या बाबतीत मात्र एकही प्रश्न न विचारता आपण थेट नव्या यंत्राची किंमत विचारायला निघतो. मोजमाप करून दुखणे शोधणे आणि उपाय केल्यास किती गुण येईल हे आधीच सांगणे, हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. आम्ही काही माजी विद्यार्थी पोटापाण्यासाठी हेच काम करतो. म्हणून विश्वस्त मंडळाने शाळेपुरता एक प्रश्न आमच्याकडे सोपवला, त्याची ही हकिकत.

आपल्या शाळेत देणगीदारांची बक्षिसे देण्यासाठी सर्व इयत्तांतील मिळून साधारण ८०० मुलांची टक्केवारीनुसार एकच यादी करावी लागते. त्यासाठीचा प्रोग्राम एका व्यावसायिकाने करून दिला होता. यादीचे बटण दाबले की सतरा-अठरा मिनिटे वाट पाहायची. एवढ्याने काही बिघडत नव्हते, पण एखाद्या मुलाचा एक गुण दुरुस्त झाला की पुन्हा बटण, पुन्हा सतरा मिनिटे. निकालाच्या आठवड्यात कार्यालयातील मंडळी रात्री नऊपर्यंत थांबत. उपाय म्हणून नवा सर्व्हर सुचवण्यात आला. खर्च सुमारे दीड लाख रुपये. तो ज्या निधीतून व्हायचा होता, त्याच निधीतून वाचनालयाच्या गळक्या छपराचे काम करायचे होते. पावसाळा दोन महिन्यांवर आला होता. दोन्ही गोष्टी एका वर्षात होणे शक्य नव्हते.

आम्ही प्रथम घड्याळ लावले. ५० मुलांची यादी करायला ४ सेकंद लागले. १०० मुलांची करायला ८ लागतील असे कोणीही म्हणेल, पण लागले १६. २०० मुलांना ६४. मुले दुप्पट झाली की वेळ चौपट, हे लक्षात आल्यावर पुढचे गणित आठवीतील मुलगाही करील. ८०० म्हणजे ५० च्या सोळापट, म्हणून वेळ सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ पट : १०२४ सेकंद, सुमारे सतरा मिनिटे. हा आकडा आम्ही कागदावर लिहून ठेवला आणि मगच पूर्ण यादीचे बटण दाबले. अठरा मिनिटे लागली. वरचे मिनिट कशाचे, तर त्याच वेळी शेजारच्या प्रयोगशाळेत मुलांचा तास चालू होता आणि दोन्हीकडची ये-जा एकाच तारेवरून होत होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तेच काम सतरा मिनिटांत झाले. अंदाज आधी लिहून ठेवण्याला आमच्या व्यवसायात फार महत्त्व आहे. नंतर सांगितलेला अंदाज सगळ्यांचाच बरोबर येतो.

वेळ चौपट का होत होता? प्रोग्राम प्रत्येक मुलाची तुलना इतर प्रत्येकाशी करीत होता, आणि प्रत्येक तुलनेच्या वेळी दुसऱ्या संगणकावर ठेवलेल्या फाईलमधून गुण नव्याने मागवीत होता. ८०० मुलांसाठी हे हेलपाटे होतात ६ लाख ४० हजार. घरातील एखाद्याने फोडणीसाठी मोहरी आणायला वाण्याकडे जावे, परत येऊन हिंगासाठी पुन्हा जावे, मग हळदीसाठी, तशातला प्रकार. या सर्व काळात प्रोसेसर जेमतेम दहा टक्के कामात होता. उरलेला वेळ तो तारेकडे डोळे लावून बसला होता.

आता सर्व्हरचा हिशेब करू. जीन अॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली एक साधी गोष्ट मांडली. कामाचा जो भाग तुम्ही वेगवान करता, तो एकूण वेळाचा जेवढा हिस्सा असेल, तेवढ्यापुरताच फायदा होतो. आपल्याकडे १०२४ सेकंदांपैकी प्रोसेसरचा हिस्सा सुमारे १०२ सेकंदांचा. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला तर वाचतील ५१ सेकंद. सतरा मिनिटांची सव्वासोळा झाली असती, दीड लाख रुपयांत. कल्पनेतला, शून्य वेळात काम करणारा प्रोसेसर आणला असता तरी पंधरा मिनिटांच्या खाली काही आपण आलो नसतो. सुचवणाऱ्याचा हेतू वाईट होता असे आम्हांला वाटत नाही. त्याने मोजले नव्हते, इतकेच. बहुधा प्रोग्रामची चाचणीही एका वर्गाच्या यादीवरच घेतली गेली असावी, आणि चार सेकंदांबद्दल कोण तक्रार करतो?

सर्व गुण एकदाच मागवून घ्यायचे आणि यादी स्मरणातच लावायची, एवढा बदल केला. तो प्रोग्रामच्या जेमतेम पंधरा-वीस ओळींचा होता. यादी आता काही सेकंदांत होते. छपराचे काम पावसाआधी झाले.

थोड्याच ओळी वेळ खातात हेही नवे नाही. डोनाल्ड नथ यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्ष वापरातील फोर्ट्रान प्रोग्राम तपासून दाखवले होते की, प्रोग्रामचा चार टक्क्यांहूनही कमी भाग बहुधा निम्म्याहून अधिक वेळ घेतो. तो भाग कोणता, हे लिहिणाऱ्यालाही नुसते पाहून सांगता येत नाही. मोजावेच लागते.

या शास्त्रातील आमची सर्वांत आवडती गोष्ट अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील आहे. अमेरिकेने १९९२ नंतर अणुस्फोटाच्या चाचण्या केल्या नाहीत. साठ्यातील अस्त्रांचे काय होत असेल याचा हिशेब संगणकावर करायचा, म्हणून तेथे ‘अॅस्की क्यू’ नावाचा महासंगणक उभारण्यात आला. चार-चार प्रोसेसरांचे २,०४८ संगणक एकत्र जोडलेले, म्हणजे एकूण ८,१९२ प्रोसेसर. तेथील फॅब्रिझिओ पेत्रिनी, डॅरेन कर्बिसन आणि स्कॉट पाकिन यांच्या गटाकडे ‘सेज’ नावाच्या प्रोग्रामचे गणिती प्रारूप होते. हा प्रोग्राम या यंत्रावर किती वेळात चालायला हवा, हे त्यावरून आधीच सांगता येत असे. प्रत्यक्षात मोठ्या संख्येने प्रोसेसर जुंपल्यावर त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागू लागला.

कोणी म्हणाले असते, प्रारूप चुकले, दुरुस्त करा. पण या गटाने प्रारूपावर भरवसा ठेवून यंत्रातच चोर शोधायला घेतला. पहिला धागा चमत्कारिक होता. प्रत्येक संगणकातील चारऐवजी तीनच प्रोसेसर वापरले, तर वेळ अंदाजाशी जुळत होता, आणि मोठ्या कामात तीन प्रोसेसर चारांपेक्षा लवकर काम उरकत होते! चौथा रिकामा बसला की सगळे सुधारते, म्हणजे त्या चौथ्यावर दुसरे कोणीतरी काम करीत असले पाहिजे. शोध घेता आढळले, की प्रत्येक संगणकाची कार्यप्रणाली आपली बारीकसारीक घरकामे मधूनमधून करीत होती. कोण चालू आहे, कोण बंद, याची विचारपूस, नोंदी, देखरेख. या कामांना प्रत्येक प्रोसेसरचा एक-दोन टक्केच वेळ जात होता. एक-दोन टक्क्यांनी निम्मा वेग कसा जाईल, हाच प्रश्न होता.

मुलांनो, याचे उत्तर लेझीम पथकात आहे. समजा, शंभर मुले आहेत आणि नियम असा, की सर्वांचे पाऊल पडल्याखेरीज कोणी पुढचे टाकायचे नाही. प्रत्येक मुलाच्या बुटाची नाडी शंभर पावलांत एकदाच सुटते. एकेका मुलाचा दोष एक टक्का. पण नाड्या वेगवेगळ्या वेळी सुटतात, आणि कोणाची तरी सुटली की सगळे पथक थांबते. हिशेब केला तर शंभरांपैकी त्रेसष्ट पावलांवर कोणी ना कोणी वाकलेले असते. मुले चार हजार असतील तर जवळजवळ प्रत्येक पावलावर. सेज प्रोग्रामही असाच पावलापावलाला सर्वांची वाट पाहणारा होता. उलट, सगळ्यांनी ठरवून एकाच वेळी नाड्या बांधल्या तर शंभरांत एकच पाऊल वाया जाते. लॉस अलामॉसच्या मंडळींनी नको असलेली घरकामे बंद केली, काहींची वारंवारता कमी केली, काही मोजक्या संगणकांकडे सोपवली. नवा प्रोसेसर आणला नाही, सेज प्रोग्रामला हात लावला नाही, आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. २००३ साली त्यांनी हे सारे निबंधरूपाने मांडले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘महासंगणकाच्या हरवलेल्या वेगाचे प्रकरण’ असा आहे. खरोखरच एखादी रहस्यकथा वाचावी तसा तो वाचता येतो.

अनेक प्रोसेसर एकत्र नांदवण्याची ही विद्या आपल्याकडेही आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. डॉ. भटकरांची एम.ई. पदवी आपल्या वडोदऱ्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची, हे आमच्या मुलांना ठाऊक असावे.

राहता राहिली रांग. संगणकाचा निम्मा त्रास रांगेचा असतो. निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही ते याचमुळे. याचे गणित १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांनी सुरू केले. ते त्याआधी काही वर्षे शाळामास्तर होते. आपल्या फीच्या खिडकीवरच ते लावून पाहू. एका पालकाचे काम सरासरी तीन मिनिटांत होते असे धरा. तासाला दहा पालक आले तर कारकुनाचा अर्धा वेळ रिकामा जातो, आणि कोण केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे रांगेत सरासरी तीन मिनिटे उभे राहावे लागते. तासाला अठरा पालक आले तर? कारकुनाला अजूनही तासाला सहा मिनिटे मोकळी आहेत. पालक दुपटीहूनही कमी वाढले, पण रांगेतील सरासरी वाट सत्तावीस मिनिटांवर जाते. विश्वस्तांना कारकून मोकळा दिसतो, पालकांना रांग दिसते, आणि दोघांचेही खरे असते. शेजारी दुसरा कारकून बसवून रांग एकच ठेवली, तर वाट निम्मी होईल असे वाटते. गणिताने ती एका मिनिटाच्याही आत येते.

हे सारे कागदावरचे आहे. खिडकीवर प्रत्यक्षात पालक कसे येतात, तीन मिनिटे हा आकडा खरा आहे का, हे मोजल्याशिवाय मंडळापुढे काही मांडण्याची आमची तयारी नाही. म्हणून नववीच्या दहा मुलांनी पुढच्या सत्राच्या फीच्या आठवड्यात वही-घड्याळ घेऊन खिडकीजवळ बसायचे ठरवले आहे. प्रत्येक पालक केव्हा आला, केव्हा खिडकीशी पोचला, केव्हा निघाला, एवढ्या तीनच वेळा ती लिहितील. नाव विचारणार नाहीत. पालकांनी कृपया त्यांना हटकू नये. मुलांनी आपला अंदाज आधीच लिहून पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांकडे दिला आहे.