ड्रॉइंगवरची उंची

रस्त्याला टेकेल की काय इतकी खाली बसवलेली गाडी दिसली, की ती चालवणाऱ्याबद्दल मला सगळं कळलं असं वाटायचं. शिक्षण अर्धवट, पैसा नवा, घरी कान धरणारं कोणी नाही. पुण्यात अशा पोरांसाठी आमच्याकडे एक शब्द होता. तो इथे लिहीत नाही. पण मी तो सर्रास वापरायचो, मुलाच्या देखतसुद्धा.

याला मी माझं तांत्रिक मत समजत होतो. चिंचवडच्या एका कारखान्यात उमेदीची वर्षं क्वालिटीत गेली. ड्रॉइंगवरच्या आकड्याशी वाद घालायचा नाही. टॉलरन्सच्या बाहेर गेलेला माल रिजेक्ट, बनवणारा कितीही कळवळून सांगो. गाडीची उंची हाही ड्रॉइंगवरचाच आकडा. शिकल्यासवरल्या माणसांनी बसून ठरवलेला. तो कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने का बदलावा? कायदाही माझ्याच बाजूचा होता. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. ती बातमी मी इकडे कॅलिफोर्नियात, सॅन होजेत बसून घरच्या ग्रुपवर टाकली होती, खाली ‘बरं झालं’ असं लिहून.

आणि त्याच सॅन होजेत माझ्या शेजारच्या दारात 1964 ची शेव्हरोले इम्पाला उभी असायची. पोट रस्त्याला टेकलेलं, आत हायड्रॉलिक पंप. बटण दाबलं की एकेक चाक उचलणारी. मालक माझ्याच वयाचा, मेक्सिकन वंशाचा, जन्मापासून याच गावातला. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात मी बायकोला म्हणालो, “घर घेताना हे कुणी सांगितलं नाही आपल्याला.” हे म्हणजे काय, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गाडीकडे बोट दाखवलं असतं आणि ते खोटं ठरलं असतं.

मी ज्या गावात घर घेतलं होतं त्याचा इतिहासही मला माहीत नव्हता. 1958 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली येता कामा नये. त्याला उत्तर म्हणून रॉन अगिरे नावाच्या तरुणाने वर्षभरात आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. अशा खाली बसवलेल्या गाड्यांचं ‘लोरायडर’ मासिक 1977 मध्ये सुरू झालं ते इथेच, सॅन होजेत. संध्याकाळी गाड्या सावकाश फिरवण्यावर शहराने घातलेली बंदी 2022 मध्ये उठली, आणि राज्याचा तो उंचीचा नियम 2024 उजाडताना गेला. कायदा कोणावर नजर ठेवून केलेला होता हे शेजाऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला होती. मी दोन्ही देशांत कायद्याच्या बाजूने उभा होतो आणि एकाही ठिकाणी तो कोणासाठी आहे असं विचारलेलं नव्हतं.

आता माझी गाडी. साठीच्या तोंडावर मी 1991 ची लाल माझ्दा मियाटा घेतली, जुनी. दोन सीटची, उघड्या टपाची, वजन हजार किलोच्या आत. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा मी कारखान्यात मासिकातला तिचा फोटो कापून ठेवला होता. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे रेसिंगच्या गाड्यांचा घाट. ‘घोडा आणि स्वार एकजीव’ हे माझ्दाच्या लोकांनी तिच्यासाठी ठरवलेलं सूत्र. एवढं सगळं असून बाजूने पाहिलं की चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये भली मोठी फट. मला ती खुपायची. गाडी खाली बसवलेली मला हवी होती, हे वाक्य उच्चारायला मला वर्ष लागलं असेल. जी हौस दुसऱ्यांत दिसली की मी छचोर म्हणत आलो, तीच.

मग मी शिकलेला माणूस करतो ते केलं: हौसेला गणित नेसवलं. स्प्रिंगचा कडकपणा तीस टक्के वाढवला, तर कंपनसंख्या वर्गमुळाच्या हिशोबाने साधारण चौदा टक्केच वाढते. गुरुत्वमध्य इंचभर खाली येतो. कागद भरले. तरी दोन धास्त्या होत्या. एक, टप नसलेली गाडी म्हणजे झाकण काढलेला बुटाचा खोका, ती पिळवटते. स्प्रिंग कडक झाल्या की तो पीळ काचेच्या चौकटीत आणि आरशात थरथरायला लागतो. दुसरी धास्ती मोठी होती: कंपनीचा आकडा बिघडवायचा.

त्या शनिवारी मी कागद घेऊन गाडीपाशी उभा होतो आणि शेजारी कुंपणाशी आला. काय चाललंय, असं त्याने विचारलं. मी जरा शिकवायच्याच सुरात सांगितलं की मूळ उंचीपेक्षा पंचवीस मिलिमीटर खाली जाण्याचा विचार आहे. तो म्हणाला, “मूळ म्हणजे किती?”

मी पुस्तक काढायला निघालो. तो आत जाऊन टेप घेऊन आला.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत त्याने चारही कोपरे मोजले आणि आकडे मास्किंग टेपवर लिहून त्या त्या मडगार्डवर चिकटवले. चार कोपरे, चार आकडे. पुढच्या दोन चाकांतच सोळा मिलिमीटरचा फरक, चालकाची बाजू खाली. बहुधा तीस वर्षं एकटा माणूस याच बाजूला बसत आला असावा. स्प्रिंग बसल्या होत्या. “तू कुठली उंची सांभाळतोयस?” असं त्याने विचारलं नाही. टेप गुंडाळत तो फक्त म्हणाला, “ही आधीच खाली आलीय. वाकडी आलीय, एवढंच.”

मग तो म्हणाला, शॉक किती दबतो तेही बघू. दांड्याला झिप टाय बांधायचा, एक चक्कर मारायची. टाय जिथे सरकून थांबतो तिथपर्यंत शॉक दबला असं समजायचं. त्यासाठी त्याने धूळ अडवणारं रबरी टोपण वर सरकवलं आणि आतून पिवळट भुगा त्याच्या मनगटावर पडला. तो बंप स्टॉप होता. या गाडीत मुळातच सस्पेन्शनची हालचाल कमी; मोठ्या खड्ड्यात शेवटचा भार त्या फोमच्या तुकड्याने घ्यायचा असतो. वयाने त्याचं पीठ झालं होतं. टाय बांधून मी गल्लीला वळसा घालून आलो. टाय दांड्याच्या टोकाला जाऊन चेपला होता. कित्येक महिने खड्ड्यात येणाऱ्या धडक्याला मी ‘स्पोर्ट्‌स कार आहे, असणारच’ म्हणत होतो. तो लोखंडावर लोखंड आपटण्याचा आवाज होता.

मी त्या चार चिकटपट्ट्यांकडे बराच वेळ बघत राहिलो. लाज वाटली ती अज्ञानाची नव्हे. फोम विरघळतो हे कोणालाही माहीत नसू शकतं. लाज वाटली कारण मी मोजलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाला गेज लावणाऱ्या माणसाने स्वतःच्या दारातल्या गाडीला टेप लावली नव्हती. ड्रॉइंगवर विश्वास आहे, मग मोजायचं कशाला? आणि ज्याला मी उंचीशी खेळणारा म्हणून हिणवत होतो, त्याने मत देण्याआधी टेप आणली होती. कारखान्यात माझ्याकडे असा पोरगा आला असता तर मी त्याला कायम केलं असतं. शेजारी म्हणून भेटला तेव्हा मी घराच्या किमतीचा विचार केला.

ड्रॉइंगवरच्या आकड्याचा उरलेला देव्हारा त्याने सहज बोलता बोलता हलवला. तरुणपणी तो ब्रिटिश गाड्यांच्या गॅरेजात होता. 1974 मध्ये एमजीबी या उघड्या गाडीची उंची सुमारे दीड इंच वाढवली गेली, कारण अमेरिकी नियमांना बंपर ठरावीक उंचीवर हवा होता. वर काळे जाडजूड रबरी बंपर आले. गाडी वळणावर डुलायला लागली. “कंपनीने उंच केलेल्या त्या गाड्या आम्ही परत खाली आणायचो,” तो म्हणाला. मी नंतर वाचून पाहिलं, खरं आहे. म्हणजे ड्रॉइंगवरचा आकडाही कधी कायदा, कधी खर्च, कधी सगळ्यांनाच थोडं थोडं खूश ठेवण्याची कसरत असतो. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? कॉस्टिंगच्या बैठकांना मीच बसायचो.

स्प्रिंग निवडायला मग फारसा वेळ लागला नाही. जुन्या स्प्रिंगचा वेढा कापणं हा फुकटचा उपाय. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते खरी, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. माझा सगळा तिरस्कार मुळात याच कापाकापीवर पोसलेला होता, आणि शेजारीही तिला शिव्या देतो. दोन इंच खाली नेणाऱ्या स्प्रिंग दिसायला देखण्या, पण मग ही गाडी बंप स्टॉपवरच बसून चालेल. मी इंचाच्या आतबाहेर उतरणाऱ्या, बेताच्या कडक घेतल्या. सोबत नवे शॉक आणि नवे बंप स्टॉप. त्याचा आग्रह आणखी खाली जायचा होता. आम्ही भांडलो. पैसे माझे होते, म्हणून मी जिंकलो.

बसवण्याचं काम सरळ आहे: वरती दोन नट, खाली एक बोल्ट, आणि दबलेल्या स्प्रिंगच्या समोर तोंड न आणण्याची अक्कल. एका ठिकाणी मात्र त्याने माझा हात धरला. गाडी अजून स्टँडवर होती, चाकं लोंबकळत होती, आणि मी विशबोनच्या रबरी बुशचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळायला घेतले होते. तसे आवळले तर रबर लोंबत्या स्थितीतच जखडतं; गाडी खाली उतरली की जन्मभर पिळलेलं राहतं, लवकर फाटतं, वर उंचीही चुकवतं. गाडी चाकांवर टेकवायची आणि मग आवळायचे. टॉर्कचा आकडा माझा बरोबर होता, अगदी पुस्तकातला.

चाकं आतल्या बाजूला कलली होती म्हणून नंतर अलाइनमेंट करून घेतलं. माउंट हॅमिल्टनच्या वळणांवर, जिथे लिक वेधशाळेकडे जाणारा एकोणिसाव्या शतकातला रस्ता आहे, गाडी आता एका दमात वळते. खराब डांबरावर आरसा पूर्वीपेक्षा थोडा जास्त थरथरतो. ती धास्ती खोटी नव्हती. बायको गाडीभोवती फिरून म्हणाली, “अहो, एवढ्या पैशात काय बदललं? मला तर काही दिसत नाही.” मला दिसतं. येता-जाता मी त्या फटीकडे बघतो आणि मला आवडतं. तिथे गणित नाही.

मुलाला फोन करून सांगितलं तेव्हा तो हसला आणि त्याने तो जुना शब्द मलाच ऐकवला. शेजाऱ्याला मात्र मी अजून काहीही सांगितलेलं नाही: घर घेतानाचं वाक्य, ग्रुपवरची बातमी, काहीच नाही. रविवारी तो बिअर घेऊन येतो, आम्ही इम्पालाच्या गळक्या सिलिंडरबद्दल बोलतो. इंग्रजीत हे त्याच्यासमोर बोलायला तोंड उघडत नाही. मराठी त्याला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.