राहिलेल्या प्रदक्षिणा

आई गेल्यावर तिचं देवघर आवरायला घेतलं, तेव्हा कुंकवाच्या करंड्यामागे एक पितळी डबी सापडली. अंगठ्याएवढी. आत अंगारा असेल म्हणून उघडली, तर काचेचे खडे. साबुदाण्याहून थोडे मोठे, बोथट कडांचे, उजेडात धरले की हिरवट दिसणारे. मोजले. अकरा होते.

ओळखायला वेळ लागला नाही. गाडीच्या दाराची काच अशी फुटते. समोरची काच तडकली तरी जागेवर राहते, दोन काचांच्या मधला पापुद्रा तिला धरून ठेवतो. दाराच्या काचेची मात्र एका क्षणात अशी रास होते. माणूस कापला जाऊ नये म्हणून ती मुद्दाम तशीच घडवलेली असते. २०१७ च्या मे महिन्यात हे खडे आठवडाभर माझ्या केसांतून, कानामागून, सदऱ्याच्या खिशातून निघत होते. ऐंशी वर्षांची आई पंचावन्न वर्षांच्या मुलाला ओसरीवर समोर बसवायची, मान खाली घालायला लावायची आणि बोटांनी एकेक खडा वेचायची. लहानपणी उवा काढायची तशीच. मला वाटायचं, ती ते केरात टाकत असेल. तिने ते देवापुढे ठेवले होते.

तीन वेळा मी रस्त्यावरून परत आलो. तिन्ही वेळा आईने नवस बोलला. दोन तिने स्वतः फेडले. तिसरा माझ्या अंगावर ठेवून गेली.

पहिल्यांदा १९९४ साली, गौरी-गणपतीला मुंबईहून साताऱ्याला निघालो होतो तेव्हा. द्रुतगती मार्ग व्हायचा होता. बोरघाटात ट्रक, एसटी आणि आमच्यासारख्यांच्या फियाट एकाच अरुंद रस्त्यावर एकमेकांच्या मागे धापा टाकत चढायच्या. शिंग्रोबाचं देऊळ आलं तशी मित्राने गाडी चालवता चालवताच काच खाली करून नाणं टाकलं. शिंग्रोबा म्हणजे तो धनगर, ज्याने इंग्रजांना हा घाट चढायची वाट दाखवली आणि सांगतात, त्यापायीच जीव गमावला. वाट दाखवणारा गेला आणि वाट राहिली. पुढच्याच वळणावर पावसात गाडी घसरली, आडवी झाली, दगडी कठडा फोडून थांबली. उजवं चाक दरीवर. खालून धुकं वर येत होतं आणि चाक हळूहळू फिरत होतं. उतरणीचे दोन ट्रकवाले दोर घेऊन धावले, ‘हलू नका, हलू नका’ म्हणत. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. आईने कोल्हापूरला जाऊन अंबाबाईची खणा-नारळाने ओटी भरली. मी ऑफिसच्या गडबडीत होतो. प्रसादाचा पेढा तेवढा खाल्ला.

त्यानंतर तिचा एक नियम झाला. कुठेही पोचलो की घरी एक रिंग द्यायची. ती फोन उचलायची नाही, पैसे पडतील म्हणून. घंटा एकदा वाजून थांबली की साताऱ्याच्या घरात ती म्हणायची, पोचला. मग जेवायला बसायची. किती रात्री तिचं ताट माझ्या घाटातल्या खोळंब्यामुळे झाकून राहिलं असेल, याचा हिशेब मी कधी केला नाही.

दुसऱ्या वेळेविषयी मला सावकाश सांगायला हवं.

डिसेंबर २००७. साताऱ्याहून पुण्याला चाललो होतो. खंबाटकीचा बोगदा संपतो तिथे उतार सुरू होतो आणि उतारातच ते एस वळण. या वळणाने किती घरं रिकामी केली, ते त्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला नको. उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिनाचा धरबंध सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, आणि एकदा तापले की पाय दाबून दाबून थकला तरी ब्रेक लागत नाही. मागून आलेल्या ट्रकचं तेच झालं असावं. त्याने माझ्या मारुतीला बाजूला उडवलं आणि स्वतः वळणावर पलटी झाला. कांद्याची पोती रस्ताभर फुटली. माझा डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. कसाबसा दारातून बाहेर सरकलो, तर हाताच्या अंतरावर ट्रकचा क्लीनर पडलेला. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. ओठांवर मिसरूड. रक्त फारसं दिसत नव्हतं, म्हणून मला वाटलं, हा वाचणार.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, ‘शेठ, माझी चप्पल बघता का?’

एक चप्पल त्याच्या पायात होती. निळ्या पट्ट्याची, रबरी. दुसरी नव्हती. मी म्हटलं, ‘बघतो.’ पाय मोडला होता, उठता येत नव्हतं, हे खरं. पण मान वळवून इकडे-तिकडे बघता आलं असतं. मी माझा पाय बघत बसलो.

माणसं जमली. बरीच जमली. कुणी हात लावेना. तेव्हा रस्त्यावरच्या जखमीला उचलायचं म्हणजे पंचनामा, जबाब, कोर्टाच्या तारखा, अशी धास्ती होती आणि ती खोटीही नव्हती. मदत करणाऱ्याला छळता येणार नाही, अशा मार्गदर्शक सूचना सुप्रीम कोर्टाने २०१६ साली बंधनकारक केल्या. त्या पोराला नऊ वर्षं आधी हव्या होत्या. शेवटी एका जीपवाल्याने दोघांनाही मागे घातलं. त्याचा हात माझ्या हातात होता. गरम होता, मग कोमट झाला. दवाखाना यायच्या आधी केव्हातरी तो गेला. नेमकं कोणत्या क्षणी, मला कळलं नाही.

प्लास्टर घालून घरी पडलो होतो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा. देव तारी त्याला कोण मारी. जन्मभर ऐकलेलं, मीही दहा जणांना ऐकवलेलं. आता ते कानावर पडलं की हातातला तो हात आठवायचा. मला देवाने तारलं, हे मी मनापासून मानतो. तेव्हाही मानत होतो. पण हे वाक्य त्याच्या आईसमोर म्हणता येईल का? तिच्याही घरात कोनाड्यात देव असतील. तिनेही पोराला निरोप देताना हातावर दही ठेवलं असेल. तिच्या देवाला आणि माझ्या आईच्या देवाला मी वेगळं कसं करू? तो एकच असेल, तर त्या सकाळी खंबाटकीत त्याचा एक हात माझ्या डोक्यावर होता आणि दुसरा कुठे होता?

आईला मी हे विचारलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ते मला नाही कळत. पण तू मिळालास, त्याचं मी देणं लागते. तेवढं मला कळतं.’ आणि फाल्गुनात, ऊन चढल्यावर, सत्तर वर्षांची माझी आई सज्जनगड अनवाणी चढली. समर्थांना तसं बोलली होती. तळवे भाजून आले, टाचा फुटल्या. रात्री ती वाटीत आमसुलाचं तेल पातळ करून भेगांत भरत बसली. मी कुबड्या घेऊन समोर बसलो होतो. तिने मला हात लावू दिला नाही.

तिसरी वेळ माझ्याच चुकीची. द्रुतगती मार्ग, मे महिन्याची दुपार, तापलेलं काँक्रीट, आणि माझे टायर गुळगुळीत झालेले. बदलायचे, बदलायचे म्हणत राहून गेले होते. वेगही मर्यादेबाहेर होता. टायर फुटल्याचा आवाज आला आणि मग आवाजच उरला नाही. गाडी किती वेळा उलटली, मला माहीत नाही. आठवतं ते एवढंच की मी उलटा लोंबकळत होतो, तोंडावर एअरबॅगची पांढरी भुकटी होती, फटाका फुटल्यावर येतो तसा वास होता आणि खालून, म्हणजे छतावरून, कुणीतरी बोलत होतं. एक ट्रक ड्रायव्हर होता, हिंदीत बोलणारा. त्याने गाडीत शिरून माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि मग पट्टा कापला, म्हणून मी मानेवर आपटलो नाही. १०८ ची गाडी येईपर्यंत तो गमछ्याने वारा घालत बसला. नंतर उठून आपल्या ट्रककडे गेला. नाव विचारायचं राहिलं.

पट्ट्याचा वळ महिनाभर होता. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत, काळानिळा. आईने पाठ शेकताना पाहिलं आणि तिचा हात थांबला. ‘उलट्या जानव्यासारखं उमटलंय,’ म्हणाली. उलटं जानवं, म्हणजे अपसव्य. पितरांना पाणी देताना जानवं त्या बाजूला घेतात. ती आणखी काही बोलली नाही, पण त्याच संध्याकाळी नवस बोलली. या वेळी तिने स्वतःच्या अंगावर काही घेतलं नाही. नरसोबाच्या वाडीला दत्तमहाराजांना एकशे आठ प्रदक्षिणा, आणि त्या मी घालायच्या.

मी हो म्हटलं. मग पावसाळा आला, मग कामं आली. २०१९ मध्ये आई गेली. दहाव्याला जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, तेव्हा त्या जुन्या वळाच्या रेघेवरच ते बसलं. पुढे कोरोना आला. त्यानंतर तर सबबही उरली नाही, मी नुसताच गेलो नाही.

या सगळ्या वर्षांत तो रस्ता बदलला. बोरघाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल टाळेबंदीत पाडला. माणसं मात्र जातच राहिली. २००१ च्या फेब्रुवारीत वाईहून परतताना अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या, तेव्हा ‘ती फुलराणी’ पाहिलेल्या माझ्या आईने त्या रात्री जेवण केलं नव्हतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला आणि जयगडची आणि राजापूरची, अशा मुंबईकडे निघालेल्या दोन एसट्या पाण्यात गेल्या. त्या गाड्यांतही कुणी म्हणालं असेल, पोचल्यावर फोन करतो. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. दिवसाला चारशे साठाहून जास्त. तेवढ्या घरांत दर रात्री कुणाचं तरी ताट झाकलेलंच राहतं. अशा आकड्यांत मी तीनदा मिळालो असतो. मिळालो नाही, आणि यात माझी कर्तबगारी काहीच नाही. टायर तर मीच गुळगुळीत ठेवले होते.

गेल्या माघात वाडीला गेलो. पहाटे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर धुकं होतं. घाटाच्या पायऱ्या ओल्या. पावसाळ्यात नदी याच पायऱ्या चढून देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तेव्हा लोक त्या पाण्यात स्नान करतात. आता ती खाली, शांत, वाफाळलेली होती. मी चपला बाहेर ठेवल्या. आईची डबी बरोबर होती. दर दहा प्रदक्षिणांना एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात, असं ठरवलं होतं. दहा खड्यांच्या शंभर, वरच्या आठांना अकरावा.

पहिल्या वीस-पंचवीस आईच्या आठवणीत झाल्या. फरशी गार होती, तळव्यांना कळ लागत होती. तिच्या सज्जनगडाच्या पायऱ्या काय असतील, याचा अंदाज आला. पुढे शरीर आपोआप चालू लागलं. औदुंबराखाली एक म्हातारी डोळे मिटून जप करत होती. तिच्याजवळून दर फेरीला जात होतो. चाळीस झाल्या. पंचेचाळीस. पूजेची घंटा वाजली.

देवळातून एक मुलगा बाहेर आला. अठरा-एकोणीस वर्षांचा. दाराशी चपलांच्या ढिगात वाकून आपली दुसरी चप्पल शोधत होता. एक पायात, दुसरी सापडेना. मी थांबलो. मागून येणारे वळसा घालून पुढे गेले. मी त्याच्याबरोबर वाकून शोधू लागलो. सोलापुरी होती, एका कोल्हापुरीच्या जोडाखाली गेलेली. हाताने काढून त्याच्या पायापुढे ठेवली. ‘अहो काका, कशाला,’ म्हणत तो ओशाळला, पायात सरकवून पळाला.

परत फिरलो, तर मोजणी चुकली होती. एकावन्न की त्रेपन्न? डाव्या खिशात किती खडे, तेही नीट आठवेना. पाच असावेत, पण पाचवा मी टाकला की टाकायचा होता? आईचा नियम होता, जपाची मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. झालेलं वाया जात नाही, म्हणायची, ते ज्याचं त्याला पोचतं.

पन्नासावर ज्या काही झाल्या होत्या, त्या मी त्या पोराच्या नावे सोडल्या. नाव मला ठाऊक नाही. ते त्या जुन्या पंचनाम्यात असेल. मी महाराजांना एवढंच सांगितलं की निळ्या पट्ट्याची होती.

मग सगळे खडे उजव्या खिशात घेतले, हात जोडले आणि पाऊल उचललं. एक.