पाठ फिरते, खोगीर तेच

नागपुरात घोडेस्वारीचे खरे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असतो; पहाटे घोडा थोडा फिरवून आणला की काम संपलं. पावसाळ्यात मैदानात चिखल, म्हणून काम बंद. हिरवा चारा मात्र भरपूर. एवढ्या काळात घोड्याचं पोट सुटतं आणि कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू उतरतात. थंडीत रोजची मेहनत सुरू झाली की तेच स्नायू पुन्हा भरतात. पाठदुखीचा घोडा तपासायला बोलावलं की पशुवैद्य म्हणून मी त्याचं खोगीरही आधी समोर ठेवायला सांगते.

खोगिराच्या सांगाड्याची रुंदी ठरलेली असते. त्याखालच्या गाद्यांतली लोकर वापराने दबते, तिचे गोळे होतात. म्हणजे पाठ बदलते आणि गादीही बदलते. बसवून घेतलेलं खोगीर वर्षभरात परकं होतं.

तपासणी सोपी आहे. खाली काहीही न घालता खोगीर उघड्या पाठीवर थोडं पुढे ठेवा आणि मागे सरकवा. खवाट्यामागे ते आपोआप थांबतं. मानेमागच्या उंचवट्यावर, स्वार बसल्यावरही, दोन-तीन बोटं जागा हवी. कण्यावर पुढून मागेपर्यंत उजेड दिसला पाहिजे. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. शेवटच्या बरगडीमागे भार गेला तर त्याला खालून आधार नसतो. रपेटीनंतर घामाचा ठसा पाहा. ओल्या पाठीवर एखादा कोरडा डाग दिसला तर तिथे खोगीर रुततं आहे किंवा टेकतच नाही; हाताने दाबलं की कळतं. पांढरे केस उगवले असतील तर इजा जुनी आहे.

खोगीर सैल झालं तर खाली जाड नमदा घालून काही दिवस निभावता येतं. घट्ट झालेल्या खोगिराखाली नमदा घालणं म्हणजे चावणाऱ्या जोड्यात जाड मोजे घालणं. तिथे रुंद सांगाडाच हवा.

तंग आवळताना कान मागे टाकणारा, चावायला धावणारा, पाठ खाली दाबणारा घोडा ‘अडेल’ ठरतो आणि चाबूक खातो. त्याची तक्रार बहुतेकदा खरी असते. पूर्वी ती ओळखणं भाग होतं. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर गेलं. मराठी फौजांत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. त्याची पाठ गेली की चाकरीच धोक्यात. आज आपलं पोट घोड्यावर नाही, म्हणून घोड्याच्या पाठीवरची ही नजर सुटली.

माझं सांगणं एवढंच : वाकवल्यावर तशीच राहणारी तार पाठीवर दाबून तिचा आकार कागदावर उतरवा, तारीख घाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा काढा. पाच-सहा वर्षांपर्यंतचा वाढता घोडा असेल तर त्याहून लवकर. दोन रेघा जुळल्या नाहीत, तर घोड्याला शिकवण्याआधी खोगीर दुरुस्तीला द्या.