लिंक कुणाच्या नावावर?

लेखकाला गावात बोलवायचं तर काय काय लागतं, याची एक यादी आमच्या वाचनालयाच्या कपाटात आहे. येण्याजाण्याचं गाडीभाडं, एका रात्रीचा मुक्काम, जेवण, मानधनाचं पाकीट, शाल-श्रीफळ, लाउडस्पीकरवाला, भाड्याच्या खुर्च्या आणि शेवटी ‘इतर’ नावाची एक ओळ. हीच ओळ दरवेळी अंदाजपत्रक कोलमडवते. ऑनलाइन कार्यक्रमाच्या यादीत मात्र एकच गोष्ट असते: लिंक.

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयासाठी हा फरक फार मोठा आहे. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकार स्वतः चालवत नाही. गावोगावच्या संस्था ती चालवतात आणि १९६७च्या कायद्याखाली त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं. तमिळनाडूत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर गोळा होतो, तसा आपल्या कायद्यात नाही. अनुदान आणि सभासदांची वर्गणी यातून पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि पुस्तकखरेदी भागवायची. एवढं झाल्यावर लेखक बोलावणं ही वर्षातून एकदा करायची चैन ठरते.

म्हणून २०२०च्या टाळेबंदीत व्याख्यानं मोबाइलवर आली, तेव्हा आम्हाला नवीन दार उघडल्यासारखं वाटलं. कार्यकारिणीत सगळ्यात लहान मी, त्यामुळे ‘याला त्यातलं कळतं’ या एकाच पात्रतेवर काम माझ्याकडे आलं. वर्षभरात सात लेखक आमच्याशी बोलले. त्यातल्या एक बाई परदेशात राहतात, एकांना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. एरवी हे दोघं आमच्या गावात कधी आले असते?

आणखी एक फायदा अनपेक्षित होता. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग चाळीस मिनिटांनी बंद होते. आपल्याकडच्या व्याख्यानाची रचना आठवा: प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, अध्यक्षांचं मनोगत आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात व्याख्यान. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ऐकायला लोक भाषणासाठी जात, हारतुऱ्यांसाठी नाही. चाळीस मिनिटांच्या धाकाने आमचं प्रास्ताविक दोन मिनिटांवर आलं. वर्षानुवर्षं कुणाला न जमलेलं काम एका कंपनीच्या कंजूषपणाने करून दाखवलं.

टाळेबंदी उठल्यावर खरा प्रश्न आला. बैठकीत एकजण म्हणाले, “आता सगळं ऑनलाइनच ठेवू. लोक घरी बसून ऐकतील. खर्च नाही, कटकट नाही.” बहुतेकांनी माना डोलावल्या. ग्रंथपाल मॅडम सहसा बैठकीत बोलत नाहीत, इतिवृत्त लिहितात. त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “मग वाचनालयाचं कुलूप कशाला उघडायचं?”

त्यांचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. यूट्यूबवर लेखकांच्या मुलाखती ढिगाने आहेत. चांगल्या कॅमेऱ्याने, चांगल्या माइकने केलेल्या. तुमच्या-माझ्या हातातल्या मोबाइलवर त्या एका बोटाच्या अंतरावर आहेत. वाचनालयाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणखी एक लिंक टाकली, तर त्या ढिगात एकाची भर पडते, तीही अडखळत्या आवाजाची. मग वाचनालयाकडे असं काय आहे जे यूट्यूबकडे नाही? एक खोली, त्या लेखकाचं पुस्तक आणि कोण काय वाचतं हे माहीत असलेला एक माणूस. ऑनलाइन कार्यक्रम या तिन्हींना धरून झाला तरच तो वाचनालयाचा कार्यक्रम.

मग आम्ही उलटं केलं. लेखक त्यांच्या घरी आणि ऐकणारे वाचनालयात. वर्तमानपत्रांची लांब टेबलं भिंतीला सरकवली, कुणाच्या तरी घरचा टीव्ही आणला, त्याला लॅपटॉप जोडला. लेखकाची तीन पुस्तकं महिनाभर आधी घेतली, दाखल नोंदवहीत चढवली आणि दर्शनी टेबलावर ठेवली. कार्यक्रमाच्या दिवशी चोवीस-पंचवीस माणसं आली. निम्म्यांनी पुस्तक वाचलेलं होतं किंवा निदान चाळलेलं.

बोलणाऱ्याला मात्र अशी खोली नीट दिसत नाही. दूरवरून फक्त डोकी दिसतात, चेहरे नाहीत. हसू ऐकू जात नाही, कारण आवाज घुमू नये म्हणून आपण माइक बंद ठेवतो. पंचवीस माणसं खळखळून हसली तरी पलीकडच्याला वाटतं, विनोद पडला. त्यावर साधा उपाय निघाला. एक मोबाइल वेगळ्या टेबलावर उभा केला आणि ज्याला प्रश्न विचारायचा त्याने त्याच्यासमोर खुर्चीत येऊन बसायचं. लेखकाला एका वेळी एक चेहरा, जवळून. एका निवृत्त कंडक्टरांनी त्या खुर्चीत बसून विचारलं, “तुमच्या गोष्टीतली एसटी रात्री अकराला घाटात आहे. त्या मार्गावर त्या वेळेची गाडी होती का?” लेखक आधी चपापले, मग मनापासून हसले आणि पुढची दहा मिनिटं ते दोघंच त्या गाडीविषयी बोलत राहिले. असा प्रश्न चॅटमध्ये टाइप करून कोण विचारणार?

पण वाचनालयात टीव्ही लावला त्याच दिवशी मॅडमनी एक गोष्ट हेरली: खोलीत बायका चारच होत्या. टाळेबंदीतल्या कार्यक्रमांना निम्म्याहून जास्त नावं बायकांची असायची. कॅमेरा बंद, माइक बंद, पण नाव शेवटपर्यंत हजर. संध्याकाळी सहाची वेळ स्वयंपाकाची, ओट्यावर मोबाइल उभा करून त्या ऐकत होत्या. तशीच पुण्यात होस्टेलवर राहणारी गावातली मुलं, तसेच अंथरुणाला खिळलेले एक जुने सभासद. एकत्र बसण्याचं महत्त्व कितीही सांगितलं, तरी ही माणसं त्या खोलीबाहेर राहणार होती.

यावर आमच्याकडे मोठा वाद झाला. लिंक सगळ्यांना दिली तर खोली रिकामी होईल आणि नाही दिली तर हे लोक सुटतील. तोडगा पुन्हा मॅडमचाच. आता वेळ दुपारी साडेतीनची आहे, त्यामुळे खोलीतल्या बायका वाढल्या. आणि लिंक ग्रुपवर जात नाही. ज्याला हवी त्याने फोन करायचा, मॅडम ती त्या सभासदाला पाठवतात आणि देवघेवीच्या वहीत नोंद करतात. पुस्तक जसं नावावर जातं, तशी लिंक नावावर जाते. फोनवर त्या हमखास विचारतात, “पुस्तक पाठवू का कुणाबरोबर?” रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. मॅडमना ते परीक्षेपुरते पाठ असतील, पण फोनवरचा तो प्रश्न म्हणजे त्या नियमांचंच काम.

दोन गोष्टी मात्र अजून सगळीकडे रुळायच्या आहेत. पहिली मानधनाची. ‘घरूनच तर बोलायचंय’ असं म्हणून पाकीट गाळणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. वाचतो तो प्रवासखर्च. तयारी, वेळ आणि पुस्तकामागची वर्षं तेवढीच राहतात. आम्ही थोडं देतो, पण देतो, आणि आकडा आधीच सांगतो. दुसरी रेकॉर्डिंगची. ते करायचं का, कुठे आणि किती दिवस ठेवायचं, हे लेखकाला आधी विचारायला हवं. कार्यक्रमात लेखकाने अख्खी कथा वाचली असेल तर त्या कथेवर हक्क त्यांचा किंवा प्रकाशकाचा असतो. ती कायमची यूट्यूबवर टाकणं म्हणजे परवानगीशिवाय छापण्यासारखंच.

कार्यक्रम यशस्वी झाला का, हे विचारलं की लोक व्ह्यूज सांगतात. आमचं मोजमाप वेगळं आहे. एसटीच्या घाटातल्या त्या गोष्टीचं पुस्तक कार्यक्रमानंतर चार महिने कपाटात परत गेलंच नाही. तिन्ही प्रती फिरत राहिल्या, आणि वहीत नंबर लावून ठेवणाऱ्यांच्या यादीत होस्टेलवरच्या एका मुलीचं नाव होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती आली आणि स्टँडवरून घरी जायच्या आधी पाठीवरच्या सॅकसकट वाचनालयात शिरली. मॅडमनी तिच्यासाठी एक प्रत ड्रॉवरमध्ये राखून ठेवली होती.