काळ्या पडद्यावरची अक्षरे

लिनक्स ही संगणकप्रणाली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली जगापुढे ठेवली. तिची एक रीत आम्हांला फार आवडते. चित्रमय पडदा हवा की नुसता अक्षरांचा, हे ती घरधन्यालाच ठरवू देते. अंबाजोगाईतील आमच्या घरच्या जुन्या संगणकाला आम्ही अक्षरांचा पडदा दिला आहे. 'मल्टी-यूजर टार्गेट' हे त्याचे नेहमीचे ठिकाण ठरवून टाकले. आता सुरू होताच तो काळ्या पाटीवर केवळ नाव आणि परवलीचा शब्द विचारतो.

ही काही हौस नव्हे. जुन्या व्हीजीए पद्धतीत ८० स्तंभ आणि २५ ओळींचा अख्खा पडदा ४,००० बाइटांत मावतो. प्रत्येक जागी अक्षराला एक बाइट, रंगाला एक. तोच पडदा १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांनी पूर्ण रंगांत रंगवायचा, तर तीस लाखांहून अधिक बाइट लागतात. वर खिडक्यांचा आणि चित्रांचा भार निराळाच. तुटपुंज्या स्मृतीच्या यंत्राला हा थाट पेलवत नाही. हिशेब, पत्ते, इंग्रजी पत्रे ही कामे अक्षरांत झपाझप उरकतात. शिवाय घरातल्या मुलांना तेथे रमण्यासारखे काही सापडत नाही, हा वरकड लाभ!

पण मराठीचे काय? येथे मात्र घोडे अडते. लिनक्सच्या या पडद्याजवळ एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती असतात आणि त्या सुट्यासुट्या चौकोनांत बसतात. 'ख्रिस्त' हा शब्द युनिकोडमध्ये सात खुणांनी साठवला जातो: ख, हलन्त, र, वेलांटी, स, हलन्त, त. वेलांटी साठवायची मागून आणि दाखवायची पुढे. ख ला र जोडायचा, स ला त. चित्रमय पडद्यामागे ही जोडणी हार्फबझसारखे साधन करते. अक्षरांच्या पडद्याला ती साधत नाही, आणि तारणाऱ्याचे नाव चौकटींत विखुरते. डॉसच्या काळात सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने ही अडचण सोडवली होती. त्यासाठी यंत्रात वेगळे कार्ड बसवावे लागे.

अडचण तशी जुनीच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गावी दासोपंत निवर्तले. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले, ती पासोडी प्रसिद्धच आहे. तिच्यात ओव्या आहेत तशा आकृत्याही आहेत; बोरूला दोन्ही सारखेच.

आमचा पुतण्या पुण्याहून रोमन अक्षरांत मराठी निरोप धाडतो. काळ्या पडद्यावर ते स्वच्छ वाचता येतात. उत्तर मात्र आम्ही देवनागरीतच लिहितो. त्यासाठी 'स्टार्टएक्स' अशी आज्ञा देतो, आणि ते म्हातारे यंत्र खिडक्या उघडीपर्यंत चहा करून घेतो.